तीन निकामी हबांतून एक चालता हब : स्टर्मी-आर्चर एडब्ल्यूची जुळणी

माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या रॅले, हंबर किंवा रज सायकलच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असतो, तो चढावर घसरू लागतो, आणि मालक जुन्या बाजारातून आणखी एकदोन हब आणून त्यांतले दिसायला चांगले असलेले भाग एकत्र बसवतो. असा जमवलेला हब टेबलावर झकास फिरतो आणि रस्त्यावर पहिल्याच जोरात पाय द्यावा तेव्हा दगा देतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा दहापैकी निम्म्याहून अधिक हबांत प्रत्येक भाग सुटा पाहिला तर बरा असतो. चूक त्यांच्या जोडीत असते. या हबातले भाग एकमेकांवर घासून झिजत जातात, त्यामुळे त्यांची निवड करायची तीही जोडीने करावी लागते. पुढच्या सगळ्या टप्प्यांमागे हेच एक सूत्र आहे.

येथे फक्त एडब्ल्यू या मॉडेलचा विचार केला आहे. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून हे मॉडेल १९३६ पासून निघत होते आणि जुन्या ब्रिटिश सायकलींत ते सर्वांत जास्त सापडते.

कोणते हब गोळा करावेत

हबच्या शेलवर (बाहेरच्या कवचावर) मॉडेलची अक्षरे कोरलेली असतात आणि बहुतेक वेळा त्यांच्याजवळ वर्षाचे दोन आकडे व महिनाही असतो. ही अक्षरे गंजाखाली दडलेली असतात, म्हणून बाजारात जाताना पितळी तारांचा छोटा ब्रश आणि छोटी टॉर्च खिशात असू द्यावी.

एजी म्हणजे डायनमो असलेला हब आणि एबी म्हणजे ड्रम ब्रेकचा हब. या दोघांच्या आतील गिअरचे भाग बहुतांशी एडब्ल्यूचेच असतात, त्यामुळे शेल खराब असलेला एजी स्वस्तात मिळाला तर तो जरूर घ्यावा. त्याचा ॲक्सल मात्र लांब असतो आणि साध्या शेलला उपयोगी पडत नाही. १९५० च्या दशकात काही वर्षे निघालेला एसडब्ल्यू बाहेरून एडब्ल्यूचा जुळा भाऊ वाटतो, पण त्याची आतली रचना वेगळी आहे, त्याच्या कुत्र्यांना स्प्रिंगच नसते आणि त्याचा गिअरचा एकही मुख्य भाग एडब्ल्यूत चालत नाही. (कुत्री म्हणजे एका दिशेने अडणाऱ्या आणि दुसऱ्या दिशेने घसरणाऱ्या त्या छोट्या जिभा, फ्रीव्हील उघडणारे सायकलवाले त्यांना याच नावाने ओळखतात, म्हणून मीही तेच वापरतो.) एएम हे मॉडेल मध्यम फरकाच्या गिअरचे असल्याने त्याचे दात वेगळे आहेत. टीसीडब्ल्यूत उलट्या पायडलचा ब्रेक असतो. ही तिन्ही बाजूला ठेवावीत. कंपनी २००० साली तैवानच्या सनरेसकडे गेल्यानंतरच्या हबांची आतली रचना बदललेली आहे. तेही जुन्यात मिसळू नयेत.

> सावधान : शेलवरचे साल हे शेलचे साल असते. सत्तर वर्षांत आतले भाग कुणीतरी आधीच बदललेले असू शकतात, म्हणून उघडून पाहिल्याशिवाय सालावर विसंबू नये.

आणि सर्वांत महाग पडणारी चूक अशी : भंगारवाल्याकडून चाक घेताना ‘रिम नको, फक्त हब द्या’ असे सांगून तारा कापून घेऊ नका. हबची उजवी बॉल रिंग (आतला गठ्ठा शेलमध्ये धरून ठेवणारी आट्यांची रिंग) अनेक वर्षांच्या ताकदीने आवळली गेलेली असते आणि ती सोडवताना शेल धरून ठेवायला रिमचा मोठा घेर हाताशी लागतो. सुटा हब कशातही नीट धरता येत नाही; व्हाइसमध्ये कडा पकडून जोर लावला की कडेला तारेच्या भोकापासून तडा जातो. चाक ओझे वाटले तरी ते आख्खेच घरी आणावे.

तयारी

एक मजबूत व्हाइस, तिच्या जबड्यांवर बसवायला लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे, पातळ कोन पाने, बोथट टोकाची छिन्नी किंवा जाड पोलादी पंच, मध्यम वजनाची हातोडी, बारीक चिमटा, खडू आणि मार्कर लागतो. धुण्यासाठी रॉकेल उत्तम असते, पण ते आता सहज मिळत नाही. डिझेलने काम भागते. प्रत्येक हबसाठी वेगळा स्टीलचा डबा घ्या आणि डब्यावर हबचे नाव लिहा. मी ‘क’, ‘ख’, ‘ग’ असे लिहितो. जोडीचा हिशेब ठेवायचा असल्याने भाग कोणत्या हबमधून आला हे शेवटपर्यंत माहीत असणे अत्यावश्यक आहे; तीन हब एकाच पातेल्यात धुतले की तो हिशेब कायमचा बुडतो.

पुढील वस्तू नव्या आणून ठेवा आणि जुन्या वाचवण्याच्या फंदात पडू नका : पाव इंची छर्रे सोळा, ३/१६ इंची छर्रे चोवीस, कुत्र्यांच्या स्प्रिंगा, हलके मशीन तेल आणि थोडे ग्रीस. पाव इंची छर्रे आठ-आठच्या पिंजऱ्यांत डाव्या बाजूला आणि ड्रायव्हरमध्ये (साखळीची चक्री ज्यावर बसते त्या भागात) जातात, बारीक छर्रे उजव्या बॉल रिंगमध्ये.

टप्पा १ : पाया कोणता हब धरायचा

बहुतेक जण ज्याचे आतले भाग सर्वांत चांगले तो हब पाया म्हणून धरतात. माझा अनुभव उलटा आहे. पाया शेलवरून ठरवावा, कारण शेल बदलला की चाक पुन्हा विणावे लागते, आणि आतला गठ्ठा बदलायला मात्र तासभर पुरतो.

शेल निवडताना तारांची भोके मोजा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असत. ३६ भोकांचे शेलही बरेच सापडतात. तुमच्या रिमच्या भोकांशी जुळणारा शेल तोच पाया. त्यानंतर कडेच्या प्रत्येक भोकाभोवती तडा आहे का ते पाहा, आणि उघडल्यावर डाव्या टोकाच्या आतील रॅचेटचे (कुत्री ज्यांत अडकतात ते) दात व छर्ऱ्यांची वाट तपासा. या दोहोंपैकी काही खराब असेल तर तो शेल बाद. ते बाहेरून बदलता येत नाही. काही जुन्या शेलांना डावी वाटी आट्यांची असते आणि ते आटे उलटे असतात. ती वाटी चांगली असेल तर तिला हात लावू नये.

टप्पा २ : उघडण्यापूर्वीचे निदान

हे पंधरा मिनिटांचे काम सगळे टाळतात आणि नंतर कोणत्या हबमधला कोणता भाग घ्यावा याबद्दल अंदाजपंचे ठरवतात. केबल काढा. ॲक्सलच्या आत जाणाऱ्या सळीला जोडलेली बारीक साखळी सैल असताना हब वरच्या गिअरमध्ये असतो, थोडी ओढली की मधल्यात आणि पूर्ण ओढली की खालच्यात जातो. प्रत्येक गिअरमध्ये एका हाताने चाक अडवून दुसऱ्या हाताने चक्री पुढे फिरवून पाहा.

फक्त वरचा गिअर घसरत असेल तर क्लच (गिअर बदलताना सरकणारा तुकडा) आणि ग्रहचक्रांच्या (मधल्या सूर्यचक्राभोवतीच्या छोट्या दातेरी चाकांच्या) पिनांची टोके झिजली आहेत. फक्त मधला घसरत असेल तर क्लच आणि गिअर रिंग (ग्रहचक्रांभोवतीची, आतून दात असलेली रिंग) यांच्यातील खाचा पाहा. वरचा आणि मधला असे दोन्ही जात असतील तर गिअर रिंगमधली कुत्री किंवा बॉल रिंगचे रॅचेट दोषी आहे. खालचाच जात असेल तर ग्रहचक्रांच्या पिंजऱ्यातली कुत्री किंवा शेलचे डावे रॅचेट पाहावे.

> तपासणी : वरच्या व मधल्या गिअरमध्ये चक्री पुढे फिरवतानाही टिक-टिक ऐकू आली पाहिजे, कारण त्या वेळी खालच्या गिअरची कुत्री घसरत असतात. खालच्या गिअरमध्ये पुढे फिरवताना आवाज येत नाही. मधल्या गिअरमध्ये आवाजच नसेल तर खालची कुत्री चिकटली आहेत किंवा त्यांच्या स्प्रिंगा मेल्या आहेत.

मात्र तीनही गिअर निकामी वाटणारा हब लगेच मृत घोषित करू नये. तेल सुकून त्याचा लाखेसारखा थर बनतो आणि कुत्री त्यात रुतून बसतात. अशा हबमध्ये तेलाच्या छिद्रातून डिझेल सोडून तो रात्रभर आडवा ठेवला की पुष्कळदा सकाळी टिक-टिक सुरू होते. खोबरेल तेल घातलेले हब मी अनेक पाहिले आहेत; त्यांतले भाग बहुधा उत्तम स्थितीत निघतात, फक्त एकमेकांना चिकटलेले असतात.

टप्पा ३ : बॉल रिंग सोडवणे

१. सळी-साखळी उलट फिरवून बाहेर काढा. ती वाकलेली असेल तर जोर करू नका. आत तुटली तर ॲक्सलमधल्या आडव्या किल्लीच्या आट्यांत अडकून बसते.

२. डाव्या बाजूचा लॉकनट, वायसर आणि कोन (छर्रे ज्यावर टेकतात तो निमुळता नट) काढा. उजव्या बाजूला अजून हात लावू नका.

३. बॉल रिंगच्या एका खाचेसमोर शेलवर मार्करने आणि टोकदार खिळ्याने अशा दोन्ही खुणा करा. धुताना मार्कर पुसला जातो, खिळ्याची रेघ राहते.

ही खूण का करायची ते समजून घेतले पाहिजे. बॉल रिंगला दोन सुरुवातींचे आटे असतात, म्हणजे ती शेलमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून चढू शकते. चुकीच्या सुरुवातीवरून चढली तरी घट्ट बसते आणि हब चालतोही, पण आधी सरळ असलेले चाक आऊट होते, म्हणजे डोलू लागते. पहिल्या हबच्या वेळी मी ही खूण केली नव्हती. रिम ब्रेकच्या रबराला एका बाजूने घासू लागली आणि दोन संध्याकाळी मी निपल फिरवत आऊट काढत बसलो. तारांचा काहीच दोष नव्हता.

४. चाक मांडीवर किंवा भिंतीला टेकवून धरा, शक्यतो दुसऱ्या माणसाला धरायला लावा. छिन्नी बॉल रिंगच्या खाचेत तिरपी टेकवा आणि उजव्या बाजूने पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने ठोका. आटे सरळच आहेत. पहिला ठोका ठाम असावा. हलक्या हाताने पन्नास वेळा टकटक केल्याने खाच चुरगळते आणि रिंग तशीच राहते.

५. रिंग सुटली की आख्खा गठ्ठा उजवीकडून बाहेर निघतो. तो ताटावर काढा, कारण डावे छर्रे आणि कधीकधी एखादी स्प्रिंग त्याच्यासोबत घरंगळते.

सुटा हबच हाती आला असेल तर एखाद्या टाकाऊ रिमला त्याची तात्पुरती विणाई करावी, सगळ्या तारा घालण्याची गरज नसते, दोन्ही कडांना सारख्या विभागून सोळा-एक तारा पुरतात. कंटाळवाणे आहे, पण शेल फुटण्यापेक्षा बरे.

टप्पा ४ : सोडवणे आणि धुणे

गठ्ठा ॲक्सलच्या सपाट बाजूंवर व्हाइसमध्ये उभा धरा, उजवी बाजू वर. उजवा लॉकनट, वायसर आणि कोन काढला की क्लचची स्प्रिंग व तिची टोपी, मग ड्रायव्हर, बॉल रिंग, गिअर रिंग, दाबाची रिंग, आडवी किल्ली, क्लच आणि त्याची बाही या क्रमाने भाग वर येतात. प्रत्येक पायरीला वरून एक फोटो घ्या. तो फोटो नंतर या लेखापेक्षा जास्त कामाला येईल. शेवटी ग्रहचक्रांचा पिंजरा ॲक्सलवरून सरकतो. सूर्यचक्र ॲक्सलवरच घडवलेले असते.

प्रत्येक डबा स्वतंत्र धुवा, भाग फडक्याने कोरडे करा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कोरडे पोलाद रात्रीतून तांबूस होते.

टप्पा ५ : जोड्या लावणे

हा या कामाचा गाभा आहे. जुळणी करण्याआधी टेबलावर पाच जोड्या मांडायच्या आणि प्रत्येक जोडी शक्यतो एकाच हबमधून घ्यायची.

*पहिली जोडी : क्लच, गिअर रिंगच्या खाचा, ग्रहचक्रांच्या पिना, ड्रायव्हर.* क्लच चार हातांचा क्रूसासारखा तुकडा असतो. त्याचे हात ड्रायव्हरच्या फटींतून सरकतात, वरच्या गिअरमध्ये पिनांच्या टोकांना धरतात आणि मधल्यात गिअर रिंगला. हबची सगळी ताकद या चार कोपऱ्यांतून जाते. क्लच टेबलवरच्या दिव्याखाली धरून हळूहळू फिरवा. धारदार कोपरा प्रकाशाची रेघ परत फेकत नाही. झिजलेल्या कोपऱ्यावर चकाकणारी बारीक पांढरी रेघ दिसते, आणि ती केसाहून जाड असेल तर तो कोपरा गोल झालेला आहे. मग नख कडेवरून ओढा. ते अडले पाहिजे. हीच परीक्षा पिनांच्या टोकांवर, गिअर रिंगच्या खाचांवर आणि ड्रायव्हरच्या फटींच्या कडांवर करा.

येथे लोक हमखास चुकतात. ‘क’ मधला नवाकोरा क्लच आणि ‘ख’ मधल्या गोल झालेल्या पिना एकत्र बसवल्या जातात, कारण क्लच ‘चांगला’ आहे. पूर्ण बाजूवर पडायचा भार मग टोकाच्या एका रेघेवर पडतो आणि चांगला क्लचही कोपऱ्यात तुटतो. दोन खराब हबांतून एक चांगला बनवायच्या नादात एक चांगला भाग वाया जातो. ही चौकडी एकाच हबमधून घ्यावी. ते शक्य नसेल तर चारही भाग दिव्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले पाहिजेत. कानस लावून कोपरे पुन्हा धारदार करण्याचा मोह आवरावा, कारण कडक थर वरच्या वरच असतो आणि तो गेल्यावर मऊ पोलाद महिनाभरही टिकत नाही.

ड्रायव्हरबद्दल एक सवलत आहे. जुन्या हबांत चक्री आट्यांवर चढते, नंतरच्यांत ड्रायव्हरला तीन खाचा असतात आणि चक्री वरून गोल स्प्रिंग-रिंगने अडकते. आतून हे दोन्ही ड्रायव्हर सहसा एकमेकांच्या जागी बसतात. तीन खाचांचा घ्यावा असे मी सांगेन. त्याच खाचांच्या चक्र्या अनेक शिमानो हबांनाही असल्याने त्या आजही मिळतात, तर आट्यांवर गंजून बसलेली चक्री काढताना ड्रायव्हरच तडकलेला मी पाहिला आहे.

*दुसरी जोडी : गिअर रिंगची कुत्री आणि बॉल रिंगचे रॅचेट.* कुत्र्याचे टोक चौकोनी हवे. पाठीमागच्या शेपटीचा उतारही पाहा, कारण खालच्या गिअरमध्ये क्लच त्याच उतारावर चढून कुत्री आत दाबतो. उतारावर खळगा पडला असेल तर खालचा गिअर मधेच मधल्यासारखा धरतो. दुसऱ्या हबची बॉल रिंग घेणार असाल तर आता जुनी खूण निरुपयोगी आहे. दोन्ही सुरुवातींवरून चढवून पाहायची आणि ज्या स्थितीत रिम कमी डोलते ती ठेवायची, मग उरलेला आऊट तारांनी काढायचा.

*तिसरी जोडी : पिंजऱ्यातली कुत्री आणि शेलचे डावे रॅचेट.* शेल आधीच ठरलेला असल्याने येथे फक्त कुत्री निवडायची आहेत. त्यांच्या पिना सैल हलत असतील तर त्या आणि कुत्री सोबतच बदला.

*चौथी जोडी : ॲक्सलवरचे सूर्यचक्र आणि चार ग्रहचक्रे.* सूर्यचक्राला २० दात, प्रत्येक ग्रहचक्राला २० आणि गिअर रिंगला आतून ६०. एकही दात कोपऱ्यात उडालेला असेल तर ग्रहचक्रांचा चौघांचा संच बदला, आणि सूर्यचक्राचा उडाला असेल तर ॲक्सलच बाद. ॲक्सल काचेवर लोळवून वाक पाहा आणि किल्लीच्या आडव्या फटीच्या टोकांना तडा आहे का ते भिंगाखाली तपासा.

ॲक्सल प्रामुख्याने दोन लांबीचे सापडतात, पावणेसहा इंच आणि सव्वासहा इंच. लांबी बदलली की सळीही त्या लांबीची लागते. लांब ॲक्सलमध्ये आखूड सळी घातली तर गिअर कधीच नीट जुळत नाहीत आणि माणूस केबलला दोष देत बसतो. ॲक्सलचा व्यास १३/३२ इंच आणि आटे इंचाला २६. साध्या सायकलच्या मागच्या ॲक्सललाही २६ च आटे असतात, पण व्यास लहान असतो. त्यामुळे पाना मारून साध्या सायकलचा नट चढवायचा प्रयत्न होतो आणि ॲक्सलचे आटे जातात. हबचे नट हबसोबतच जपून ठेवावेत.

*पाचवी जोडी : कोन आणि छर्ऱ्यांच्या वाटा.* खड्डे पडलेला कोन बाद. येथे हबांची मिसळ चालते, कारण नवे छर्रे दोघांमध्ये येतात.

> तपासणी : पाचही जोड्या पायाच्या शेलशेजारी मांडून झाल्यावर कोणत्या डब्यातून किती भाग आले ते मोजा. दोनपेक्षा जास्त डब्यांतून भाग येत असतील तर एकदा पुन्हा विचार करा. बहुतेक वेळा एका हबचा शेल आणि दुसऱ्याचा जवळजवळ आख्खा गठ्ठा हेच उत्तर निघते, आणि तिसरा हब फक्त कोन आणि नट देतो.

टप्पा ६ : जुळणी

१. पिंजऱ्यात खालच्या गिअरची कुत्री नव्या स्प्रिंगांसह बसवा. बोटाने दाबून सोडल्यावर प्रत्येक कुत्रे स्वतःहून झटकन बाहेर आले पाहिजे. दिशा फोटोवरून पक्की करा. उलटी बसवलेली कुत्रीही बसतात, हाच धोका आहे.

२. पिंजरा ॲक्सलवर चढवा, ग्रहचक्रे आणि पिना घाला. पिनांची बारीक टोके क्लचच्या बाजूला बाहेर राहिली पाहिजेत. या मॉडेलमध्ये दातांवर खुणा जुळवण्याची गरज नाही.

३. बाही, तिची कड आधी आत जाईल अशी, त्यावर क्लच, मग आडवी किल्ली आणि किल्ली धरून ठेवायला सळी दोन आटे फिरवून घाला. दाबाच्या रिंगच्या खाचा किल्लीच्या सपाट टोकांवर बसल्याच पाहिजेत. त्या बसल्या नाहीत तर पुढे सगळे घट्ट होते, पण क्लच सरकतच नाही.

४. कुत्र्यांसह गिअर रिंग, बॉल रिंग, ड्रायव्हर, स्प्रिंग आणि टोपी या क्रमाने चढवा. क्लचच्या स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून सर्वांत आखूड झालेली टाकून द्या. ओढून लांब केलेली स्प्रिंग काही दिवसांत पुन्हा बसते.

५. ग्रीस फक्त छर्ऱ्यांच्या वाटांत. कुत्र्यांना आणि गिअरना तेलच द्या. ग्रीस थंडीत घट्ट होऊन कुत्री धरून ठेवते, आणि मग चांगले भाग घालूनही हब घसरतो.

६. गठ्ठा शेलमध्ये घालताना डावीकडची कुत्री रॅचेटमध्ये शिरावीत म्हणून गठ्ठा हळूच मागे फिरवत आत सोडा. बॉल रिंग प्रथम हातानेच दोनतीन फेरे फिरली पाहिजे. खूण जुळते का पाहा, मगच छिन्नीने आवळा. फार ठोकायची गरज नसते, पायडलचा जोर तिला पुढे घट्ट करत जातोच.

टप्पा ७ : कोन बसवणे

उजवा कोन बोटांनी टेकेपर्यंत घट्ट करा, नंतर अर्धा फेरा मागे घ्या आणि वायसर व लॉकनटने तेथेच कुलूपबंद करा. हा अर्धा फेरा अंदाजाने पाऊण किंवा पाव करायचा नाही. तो आतल्या गठ्ठ्याची आडवी जागा ठरवतो; कोन जास्त आवळला तर गिअर अडखळतात, सैल राहिला तर गिअर मधेच सुटतात. हबची ढिलाई काढण्याचे काम फक्त डाव्या कोनाने करायचे. चाक नीट फिरावे आणि रिमला हाताने आडवे हलवल्यावर ढिलाईचा फक्त भास व्हावा, इतकेच.

टप्पा ८ : टेबलावरची परीक्षा

चक्रीवर आणि रिमवर खडूची खूण करा, ॲक्सल व्हाइसमध्ये धरा आणि साखळी हाताने ओढून प्रत्येक गिअरमध्ये मोजा. वरच्या गिअरमध्ये चक्रीच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या बरोबर चार फेऱ्या होतात. मधल्यात एकास एक. खालच्यात चक्रीच्या चार फेऱ्यांना चाकाच्या तीन. मोजणीत थोडा जरी फरक आला तर क्लच मधल्या अवस्थेत अडकला आहे किंवा एखादे कुत्रे अधूनमधून सुटते आहे. सायकलवर बसवून ते सुधारत नाही. आता हब परत उघडा.

टप्पा ९ : सायकलवर

ॲक्सलच्या सपाट बाजू मागच्या खाचेत नीट बसवा आणि दात असलेले न-फिरणारे वायसर दोन्ही बाजूंना घाला. हे वायसर नेहमी हरवलेले असतात आणि साधे वायसर घालून काम चालवले जाते. मग खालच्या गिअरमध्ये जोर दिला की ॲक्सलच थोडा फिरतो, नट सैल होतात आणि केबलची जुळणी बिघडते.

सळी पूर्ण आत फिरवा आणि साखळी केबलच्या दिशेने सरळ येण्यापुरतीच मागे घ्या, जास्तीत जास्त अर्धा फेरा. ट्रिगर मधल्या गिअरवर ठेवा. उजव्या नटाच्या छिद्रातून डोकावून पाहा : सळीचे टोक ॲक्सलच्या टोकाशी समपातळीत दिसेपर्यंत केबल जुळवा. ट्रिगर दोनतीनदा खालीवर करून हीच पातळी पुन्हा तपासा, कारण जुनी केबल पहिल्या ताणाने थोडी सैल होते.

> सावधान : या हबमध्ये मधल्या आणि वरच्या गिअरच्या मध्ये रिकामी जागा आहे. जुळणी चुकली आणि तुम्ही पायडलवर उभे असाल तर पाय एकदम रिकामा जातो आणि माणूस दांडीवर आपटतो. पहिले दहा किलोमीटर बसूनच, सपाट रस्त्यावर आणि गर्दी नसलेल्या वेळी चालवावेत.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर डावा कोन आणि केबल पुन्हा पाहा. नवे छर्रे वाटेत बसल्याने थोडी ढिलाई येते. तेलाच्या छिद्रातून महिन्यातून चमचाभर तेल पुरे.

उरलेले भाग ‘क’, ‘ख’, ‘ग’ च्या चिठ्ठ्यांसह त्यांच्याच डब्यांत तेल लावून ठेवा, आणि कोणता भाग कोणत्या परीक्षेत नापास झाला ते चिठ्ठीवर लिहा. बाद क्लच नुसताच डब्यात पडून राहिला तर दोन वर्षांनी तो पुन्हा चांगला दिसू लागतो.